गेम खेळायचाय आणि रेकॉर्डही करायचाय? ग्राफिक्स कार्ड निवडताना काय बघावं

"कार्ड कोणतं घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न टाकतो. मॉनिटर कोणता आहे? आणि खेळताना रेकॉर्डिंग करणार का? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्यावर "बघू, करीन कधीतरी" असं काहीतरी मोघम येतं. मग दोन महिन्यांनी तीच व्यक्ती सांगत येते की गेम मस्त चालतो, पण रेकॉर्ड केलेला व्हिडिओ अडखळतो.

नुसता गेम खेळायचा असेल तर कार्डाला एकच काम असतं, चित्रं काढायची आणि पडद्यावर टाकायची. रेकॉर्ड करायचं ठरवलं की तीच चित्रं लगोलग दाबून, घडी घालून फाइलमध्येही भरावी लागतात. हे काम किती मोठं आहे ते आकड्यात बघा. १०८०पी, म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला ६० वेळा. न दाबता, जसंच्या तसं साठवायचं म्हटलं तर रंगांची माहिती कमीत कमी ठेवूनही सेकंदाला सुमारे १८७ एमबी होतात. तासाला जवळपास ६७० जीबी. म्हणून ते दाबावंच लागतं, आणि हे दाबण्याचं काम करणाऱ्याला एन्कोडर म्हणतात. कार्ड निवडताना लोक सगळं बघतात, हा एन्कोडर तेवढा बघत नाहीत.

सुरुवात मॉनिटरपासून

दुकानात किंवा वेबसाइटवर जाण्याआधी मॉनिटरच्या दोन गोष्टी कागदावर लिहा: रिझोल्यूशन, म्हणजे चित्रात ठिपके, किती आणि सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते, म्हणजे हर्ट्‌झ किती. कार्डाची गरज यावरून ठरते.

१०८०पी म्हणजे साधारण २१ लाख ठिपके. १४४०पीमध्ये ते ३७ लाखांच्या आसपास जातात. ४केमध्ये ८३ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. एवढे ठिपके दर फ्रेमला, म्हणजे दर एका चित्राला, रंगवायचे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर ७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. १०८०पी, ६० हर्ट्‌झचा मॉनिटर असलेल्याने ४केचं महागडं कार्ड घेणं म्हणजे निव्वळ हौस, आणि हौसेला मोल नसतं हे खरं असलं तरी तेच पैसे मॉनिटरवर घातले तर डोळ्यांना फरक तरी दिसेल.

रेकॉर्डिंगची मागणी मात्र मॉनिटरएवढी नसते. बहुतेकांचा व्हिडिओ १०८०पी किंवा १४४०पी, सेकंदाला ६० फ्रेम, एवढाच असतो. इथे एक बारीक गोम आहे. गेम १४४ फ्रेमने चालतोय आणि व्हिडिओ ६०चा काढताय, तर १४४ला ६०ने पूर्ण भाग जात नाही. फ्रेम उचलताना कधी दोन पावलं, कधी तीन असं होतं आणि कॅमेरा हळू फिरताना व्हिडिओत हलकी थरथर जाणवते. रेकॉर्ड करताना गेम १२० फ्रेमवर बांधून ठेवला की ही थरथर बरीच कमी होते. १४४ आणि १२०मधला फरक खेळताना फारसा कळत नाही, निदान मला तरी नाही.

आता एन्कोडर

व्हिडिओ दाबायचं काम दोन ठिकाणी होऊ शकतं. एक म्हणजे प्रोसेसरवर. पण गेम स्वतःच प्रोसेसर वापरत असतो, त्यात हा नवा पाहुणा आला की दोघांचीही आबाळ होते. दुसरी जागा कार्डावर. तिथे चित्रं काढणाऱ्या भागापासून वेगळा, फक्त व्हिडिओसाठी बनवलेला एक तुकडा चिपवर असतो. तो काम करत असताना गेमच्या फ्रेम थोड्याशाच घटतात. एनव्हीडियाच्या कार्डांवर त्याला एनव्हेंक म्हणतात. तो २०१२पासून आहे, पण २०१८च्या आरटीएक्स २० मालिकेत तो खूपच सुधारला, त्यामुळे जुनं कार्ड घेणाऱ्यानेही शक्यतो त्याआधीच्या पिढीचं घेऊ नये. एएमडी आणि इंटेलच्या कार्डांवरही त्यांचे आपापले एन्कोडर असतात.

असतात म्हणजे बहुतेकांवर असतात. एएमडीच्या २०२२ सालच्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी आणि आरएक्स ६४०० या कार्डांवर व्हिडिओ एन्कोडर मुळात दिलेलाच नाही. गेमपुरती ती चालतात, पण रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर येतो. एनव्हीडियाच्या जीटी १०३०ची हीच गत. जीटीएक्स १६५०ची गोष्ट आणखी मजेशीर आहे. मालिका नवी, पण सुरुवातीच्या १६५०मध्ये एन्कोडर आधीच्या पिढीचा बसवला होता. १६५० सुपरमध्ये मात्र नवा आहे. नाव सारखं, माल वेगळा. कमी किमतीची कार्डं चाळताना हे हमखास बघा. कार्डाच्या नावापुढे "एन्कोड" हा शब्द टाकून शोधलं तर पाच मिनिटांत कळतं.

कुणाकडे असं कार्ड आधीच असेल तर लगेच विकायला काढू नका. प्रोसेसर इंटेलचा असेल आणि त्यात अंगचं ग्राफिक्स असेल, तर त्यातला क्विक सिंक हा एन्कोडर रेकॉर्डिंगला वापरता येतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी "एफ" असेल तर अंगचं ग्राफिक्स नसतं, तेवढं तपासून घ्या.

पुढचा शब्द एव्ही-१. ही व्हिडिओ दाबण्याची नवी पद्धत. जुन्या एच.२६४पेक्षा कमी जागेत तेवढंच स्वच्छ चित्र देते. ती कार्डावरच एन्कोड करण्याची सोय इंटेल आर्क, आरटीएक्स ४० मालिका आणि रेडिऑन आरएक्स ७००० मालिकेपासून, म्हणजे २०२२पासून आली. पण खोक्यावर नुसतं "एव्ही-१ सपोर्ट" वाचून भुलू नका. आरटीएक्स ३० मालिका एव्ही-१ व्हिडिओ दाखवू शकते, बनवू शकत नाही. "डीकोड" म्हणजे दाखवणं आणि "एन्कोड" म्हणजे बनवणं, आपल्याला दुसरं हवं.

एव्ही-१ नसेल तर अडतं का? फक्त रेकॉर्ड करून मागाहून अपलोड करणाऱ्याचं नाही. डिस्कवर जागा असेल तर एच.२६४ला बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओसाठी खर्चायचा डेटा, भरपूर द्यायचा, चित्र उत्तम येतं. थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना मात्र बिटरेट मोजून मापून मिळतो, तिथे चांगल्या एन्कोडरची किंमत कळते. एएमडीच्या जुन्या कार्डांचं एच.२६४ चित्र कमी बिटरेटला धुरकट दिसतं ही तक्रार खरी आहे, पण ती थेट प्रक्षेपणाबद्दल आहे. भरपूर बिटरेटने केलेल्या साध्या रेकॉर्डिंगमध्ये ते शोधून काढायला भिंग लागेल.

व्हीरॅम, आणि नावांची फसवाफसवी

कार्डावरच्या स्वतःच्या मेमरीला व्हीरॅम म्हणतात. गेममधल्या भिंती, कपडे, झाडं यांची चित्रं म्हणजे टेक्स्चर तिथे ठेवलेली असतात. ती भरली की कार्ड संगणकाच्या साध्या रॅमकडे धावतं, ती धाव लांबची असते, आणि मग गेम मध्येच झटका देतो किंवा जवळ गेल्यावरही भिंत धूसरच राहते. सरासरी फ्रेम छान दिसतात, खेळताना मात्र वैताग येतो.

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, उघडा ब्राउझर, गप्पांचं अ‍ॅप हे सगळे त्याच व्हीरॅममधून थोडं थोडं खातात. म्हणून गेमच्या गरजेपेक्षा एखादा जीबी वर धरून चला. आज नवं कार्ड घेताना १०८०पीसाठी ८ जीबी ही खालची पायरी समजा, १२ जीबी असेल तर निवांत. १४४०पीला पुढची काही वर्षं काढायची असतील तर १६ जीबीकडे बघा. फक्त ई-स्पोर्ट्‌सचे हलके गेम खेळणाऱ्याने या आकड्यांनी घाबरून जायचं कारण नाही.

आता फसवाफसवी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे या बाजारात नेहमीचं. आरटीएक्स ४०६० टीआय, आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही तिन्ही कार्डं ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतात, पुढचं नाव तेच. आरटीएक्स ३०६०चं १२ जीबीचं रूप चांगलं, पण ८ जीबीच्या रूपात मेमरीचा रस्ताही १९२ बिटवरून १२८ बिटवर आणलेला. आरटीएक्स ३०५०च्या ६ जीबी रूपात तर कोर, म्हणजे चिपवरचे हिशोब करणारे घटक, तेही कमी आहेत. म्हणून कार्डाचं नाव विचारताना जीबीसकट पूर्ण नाव विचारायची सवय लावा.

लॅपटॉपमध्ये हा गोंधळ दुप्पट होतो. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे बनवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालतं. नाव दोन्हीकडे एकच, कामात फरक मोठा. लॅपटॉप घेताना वॉटचा आकडा मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खोक्याच्या आत काय आहे?

कार्ड ठरत आलं की आपल्या जुन्या संगणकाकडे बघायची वेळ येते, आणि इथे बऱ्याच जणांचा हत्ती जातो आणि शेपूट अडकतं.

पहिला प्रोसेसर. तो फ्रेमची तयारी करून कार्डाच्या हातात देतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घरच्या घरी करायची परीक्षा सांगतो. आहे त्या कार्डावर तुमचा नेहमीचा गेम लावा, फ्रेमचा आकडा बघा, मग रिझोल्यूशन एकदम खाली आणा. आकडा चांगलाच वाढला तर अडथळा कार्डाचा होता, नवं कार्ड उपयोगी पडेल. आकडा जिथल्या तिथे राहिला तर दोष प्रोसेसरचा, आणि कितीही भारी कार्ड आणलं तरी तो तसाच राहणार.

दुसरा पॉवर सप्लाय. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. ६ पिनची वायर आणखी ७५ वॉट देते, ८ पिनची १५० वॉट. आरटीएक्स ४०६० ११५ वॉटचं आहे, त्याला एक वायर पुरते. आरटीएक्स ४०९० ४५० वॉटचं, त्याचा थाटच वेगळा. कार्ड बनवणारी कंपनी किती वॉटचा सप्लाय लागतो ते सांगते, ते पाळा. दोन सॉकेट असतील तर एकाच वायरची दोन तोंडं न वापरता दोन वेगळ्या वायरी लावा. नव्या मोठ्या कार्डांवर १६ पिनचं छोटं सॉकेट असतं. २०२२मध्ये अशी काही सॉकेटं वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं. दाबून घट्ट बसवा, वायर तोंडाशीच वाकवू नका.

बाकीचं पटकन सांगतो. कॅबिनेटमध्ये कार्डाला किती लांबी मिळते ते पट्टीने मोजा, जाडीही बघा. मदरबोर्ड जुना, म्हणजे त्याचा कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस ३.० असेल तर आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० यांसारखी आठच लेन (डेटाचे रस्ते) वापरणारी कार्डं थोडी मार खातात, व्हीरॅम भरल्यावर जास्तच. आणि इंटेल आर्क घ्यायचं असेल तर मदरबोर्डवर रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला अख्खी व्हीरॅम एकदम वापरू देणारी सोय, हवीच. ती नसेल तर आर्कचा वेग फार पडतो.

परीक्षणं वाचताना

सरासरी फ्रेमच्या शेजारी "१ टक्का लो" नावाचा आकडा असतो, तो आधी वाचा. सगळ्यात संथ फ्रेमच्या वेळी वेग किती घसरतो ते त्यात दिसतं, आणि व्हिडिओतले झटके तिथूनच येतात. आलेख तुमच्याच रिझोल्यूशनचा आहे ना ते बघा. डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस या युक्त्या कमी ठिपक्यांचं चित्र काढून ते मोठं करतात. त्या कामाच्या आहेत, मी स्वतः वापरतो. पण "फ्रेम जनरेशन" लावून दाखवलेले दुप्पट आकडे बाजूला ठेवा. मधल्या फ्रेम कार्डाने अंदाजाने भरलेल्या असतात, त्याने हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद जलद होत नाही.

वापरलेलं कार्ड घेणार असाल तर ते चालू असताना बघा, अर्धा तास जड गेम चालवून घ्या, पंख्यांचा आवाज ऐका. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावा. जुन्या कार्डाला नवं नाव चिकटवून विकणारे महाभाग असतात, आणि असं बनावट कार्ड ओळखू आलं तर ते सॉफ्टवेअर नावाआधी "फेक" असं सरळ लिहून दाखवतं.

बसवल्यानंतरची पहिली संध्याकाळ

सगळ्यात आधी मॉनिटरची वायर कार्डाच्या सॉकेटमध्ये लावा, मदरबोर्डच्या नाही. हसू नका. दोन्ही सॉकेटं मागच्या बाजूलाच असतात, अंधारात हात चुकतो, आणि मग "नवं कार्ड जुन्यासारखंच चालतंय" अशी बोंब होते. ड्रायव्हर टाका, मॉनिटरचे हर्ट्‌झ विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण करा.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ फुकट आहे आणि पुरेसं आहे. सेटिंग्जमध्ये आउटपुट, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड, मग रेकॉर्डिंग. एन्कोडर म्हणून कार्डाचा एन्कोडर निवडा, एक्स२६४ नाही, कारण तो प्रोसेसरवर चालतो. रेट कंट्रोल सीक्यूपी (बिटरेटऐवजी चित्राचा दर्जा धरून चालणारी पद्धत) ठेवा आणि आकडा २०च्या आसपास. आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. फाइलचा प्रकार एमकेव्ही निवडा. साध्या एमपी४मध्ये रेकॉर्ड करताना वीज गेली तर अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. एडिटिंगला एमपी४ हवी असेल तर फाइल मेनूतल्या रीमक्सने काही सेकंदांत बदलून मिळते. गेमचा आवाज आणि माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, नाहीतर शिंक आली की ती गेमच्या आवाजातून काढता येत नाही.

आता तो अडखळणारा व्हिडिओ. माझंच सांगतो. गेम लोण्यासारखा चालत होता, आणि रेकॉर्डिंग बघितलं तर दर दोन सेकंदांनी उचकी. मी डिस्कवर संशय घेतला, नवी एसएसडी लावली. तेच. बिटरेट अर्ध्यावर आणला. तेच. शेवटी रेकॉर्डरची आकडेवारीची खिडकी उघडली तेव्हा "रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम" हा आकडा डोळ्यांदेखत पळत होता. कार्डाचा वापर ९९ टक्के. मी गेमला फ्रेमची मर्यादाच घातली नव्हती, त्यामुळे तो कार्डाचा शेवटचा थेंबसुद्धा पिऊन टाकत होता.

एन्कोडर वेगळा तुकडा आहे हे खरं, पण त्याच्या हातात चित्र जाण्याआधी ओबीएसला ते जुळवावं लागतं. गेमची फ्रेम उचलायची, कोपऱ्यात वेबकॅम बसवायचा, आकार बदलायचा, रंग बदलायचे. हे काम कार्डाच्या त्याच भागावर होतं ज्यावर गेम चालतो. तिथे जागाच उरली नाही तर एन्कोडर रिकामा बसून राहतो. उपाय फुकटचा होता: गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमला मर्यादा घालून कार्डाचा वापर ९० टक्क्यांच्या आसपास आणला आणि उचक्या थांबल्या. विंडोजवर ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं की कार्डाच्या रांगेत त्याला पुढची जागा मिळते, तेही करून ठेवा. याच खिडकीत "एन्कोडिंग लॅगमुळे गाळलेल्या फ्रेम" असा दुसरा आकडा असतो. तो वाढत असेल तर मात्र एन्कोडर दमलाय, त्याचा प्रीसेट (वेग आणि दर्जा ठरवणारी तयार सेटिंग) हलका करा किंवा रेकॉर्डिंगचं रिझोल्यूशन उतरवा.

यातूनच कार्ड निवडायचा माझा एक नियम आला. परीक्षणात तुमच्या गेमला जेवढ्या फ्रेम दाखवल्यात त्यातून १० ते १५ टक्के वजा करा. उरलेल्या फ्रेम तुमच्या मॉनिटरला पुरत असतील तर ते कार्ड रेकॉर्डिंगसकट पुरेल. काठोकाठ बसत असतील तर एक पायरी वरचं घ्या किंवा गेमची सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणायची तयारी ठेवा.

जागेचा हिशोबही आताच करून टाका. ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) तासाभराचं रेकॉर्डिंग २२.५ जीबी घेतं, २० एमबीपीएसने ९ जीबी. सीक्यूपीमध्ये बिटरेट दृश्याप्रमाणे वरखाली होतो, त्यामुळे पहिला प्रयोग दोन मिनिटांचाच करा, तोही गेममधल्या सगळ्यात धुमश्चक्रीच्या जागी. फाइल किती एमबीची झाली ते बघा, तीसने गुणा, तासाचा आकडा हाती येतो. गवत, पाऊस आणि स्फोट एकत्र असतील अशी जागा मिळाली तर उत्तमच, एन्कोडरचा घाम तिथेच निघतो.